शिध्याच्या तांदळांतील निराळा दाणा

मार्च २०२४ अखेर सत्त्वयुक्त तांदूळ देशभरच्या शिधादुकानांत पोहोंचला. खांडबाऱ्यासारख्या गांवीं तो निवडतांना कांहीं दाणे निराळे दिसावे, पाण्यांत तरंगावे, आणि ‘प्लॅस्टिक’ म्हणून फेंकले जावे, हें साहजिकच! वस्तुतः हे शेंकडा एक दाणे तांदळाच्याच पिठाचे. लोह, फॉलिक आम्ल व बी-१२ जीवनसत्त्व त्यांतच असतें.

एक शंका मात्र रास्त. नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकल सेलचा आजार पुष्कळ. अशा रुग्णांनीं लोहयुक्त अन्न घेऊं नये, अशी सूचना २०१८ च्या नियमांनीं वेष्टनावर छापावयास लाविली. २०२४ मध्यें ती गाळण्यांत आली. परंतु पोत्यावरची अक्षरें सुट्या धान्याबरोबर चुलीपर्यंत जावीं कशीं? रुग्णाच्या घरच्यांनीं डॉक्टरांस विचारावें. इतरांनीं ते दाणे वेंचूं नयेत.