तारकर्लीला जाताय? समुद्राचं टाइमटेबल बघून जा!

सेमिस्टर संपली की होस्टेलवर बेत ठरतो, 'चलो तारकर्ली!' बेत झकास, पण मित्रांनो, तिथलं हवामान, रीतीरिवाज आणि जेवण या तिन्ही गोष्टी समुद्राच्या टाइमटेबलवर चालतात.

आधी हवामान. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस कोकणात उतरतो आणि समुद्र खवळतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, कारण हा माशांच्या विणीचा हंगाम. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा काळ. एप्रिल-मे महिन्यांत पारा सहसा चाळिशी गाठत नाही, पण दमट हवेत घाम वाळतच नाही, म्हणून जीव नकोसा होतो.

यावर उतारा सोलकढी. नारळाचं दूध, कोकम, लसूण, मिरची. कोकमाचा आंबटपणा जेवण जड होऊ देत नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं असतात. ती स्वादापुरती, चावायची नाहीत! कोंबडी-वडे मागवले तर बटाटेवडे येतील अशी अपेक्षा ठेवू नका, इथले वडे पुरीसारखे असतात. सोमवारी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, तेव्हा निवास-न्याहारीवाल्या काकूंना आदल्या दिवशीच विचारा. हिवाळ्यात जत्रांमध्ये रात्रभर दशावतार रंगतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. रापण ओढताना दिसली तर मधे फोटो काढत उभे राहू नका. हात लावायचा तर आधी विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एप्रिल २०१७ मध्ये इथून जवळच, वायरीच्या किनाऱ्यावर, बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले ८ जण बुडाले. आपल्यासारखेच, सहलीला आलेले.

लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं. या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नेमकी तीच जागा शांत वाटते! त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, दमाल. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून हाक मारा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडा, मग आत वळा.

भरतीचा जुना कोकणी हिशोब कॅल्क्युलेटरशिवाय जमतो. तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर ४ × ३/४ = ३, म्हणजे साधारण तीनला भरती आणि सहाएक तासांनी ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, म्हणून पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचंच. तो 'आज नको' म्हणाला की वाद घालायचा नाही. वाळूत क्रिकेट खेळा, पण गेलात तेवढे सगळे परत या!