वरच्या इयत्तांची भाषा

ज्या शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीच्या घाटावर मराठी आणि कानडी बोलणारे यात्रेकरू एकाच पायरीवर उभे राहून कृष्णा-पंचगंगेच्या संगमाला हात जोडतात, आणि ज्याच्या खिद्रापूरकडील टोकाला अनेक घरांत चुलीपाशी कानडी आणि चावडीवर मराठी असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालत आला आहे, त्या तालुक्यात मुलाला कोणत्या माध्यमात घालावे हा प्रश्न आज ऊसदराच्या खालोखाल चर्चिला जातो. ज्याचा स्वतःचा सारा व्यवहार सातबारा, फेरफार आणि कारखान्याचे ऊसबिल एवढ्या मराठी कागदांवर निर्वेध पार पडला, तो शेतकरीसुद्धा नातवासाठी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी बांधावर बोलावतो. याला मातृभाषेचा द्रोह म्हणण्याची आपल्या विद्वानांत चाल आहे. पण प्रश्नाचे दप्तर जरा मागपर्यंत उलगडून पाहिले, तर दोषारोपाचा पत्ता बदलावा लागेल.

मुंबई इलाख्यात हा वाद पहिल्यांदा नेटाने लढला गेला तो 1840 साली स्थापन झालेल्या शिक्षणमंडळात. मंडळाचे अध्यक्ष न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांचा ओढा इंग्रजीकडे होता; थोड्यांना उत्तम इंग्रजी शिक्षण द्यावे, ते पुढे झिरपत जाईल, अशी त्यांची धारणा. त्यांच्यासमोर उभे राहिले कर्नल जर्व्हिस, ज्यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंतांच्या साह्याने गणिताचे ग्रंथ मराठीत उतरवले होते. आणि त्यांच्या बाजूने नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा हे तिन्ही एतद्देशीय सभासद. यातले मर्म असे की इंग्रजी शिक्षण देणाऱ्या एल्फिन्स्टन विद्यालयाच्या उभारणीत नानांचाच हात मोठा होता. त्यांचे म्हणणे इतकेच की इंग्रजी हा विषय सर्वांना खुला असावा, परंतु बहुजनांना ज्ञान पोचवण्याचे वाहन देशी भाषाच असावे. विषय आणि वाहन यांतला हा भेद तेव्हा चौघांना स्वच्छ दिसत होता. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत तो आपण हरवून बसलो.

1854 च्या वुडसाहेबांच्या खलित्याने वादावर जो तोडगा काढला तो वरकरणी न्याय्य होता : खाली देशी भाषा, वर इंग्रजी. तीन वर्षांनी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि जिन्याच्या वरच्या पायऱ्या कोणत्या भाषेच्या, हे कायमचे ठरून गेले. त्याच विद्यापीठात मराठीला अभ्यासविषय म्हणून पुन्हा शिरकाव मिळावा यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडावे लागले, यावरून खालच्या भाषेला वर किती मान होता ते कळते. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा शिरोळ पेट्यातील कुणब्याच्या पोराला अक्षराची वाट प्रथमच मोकळी झाली, हे महाराजांचे उपकार थोर आहेत. तथापि त्या वाटेने निघालेल्या पोराला वकील वा डॉक्टर व्हायचे तर पुढे इंग्रजीचेच नाके लागे, आणि ते उठवणे कोणाही संस्थानिकाच्या अखत्यारीतले नव्हते.

ते नाके ओलांडून पाहणारा एक पुरुष निघाला. अण्णासाहेब कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले आणि उच्च शिक्षणसुद्धा मातृभाषेतून देण्याचा घाट घातला. त्याच विद्यापीठाच्या कार्याचा प्रसार करण्यासाठी ते 1930 च्या डिसेंबरात आफ्रिकेला निघाले आणि मोंबासा, झांझिबार, टांगानिका असा मुलूख फिरले. पुढे स्वतंत्र झालेल्या त्याच टांगानिकाने, म्हणजे आजच्या टांझानियाने, हा प्रयोग राष्ट्राच्या प्रमाणावर केला आणि तो अर्ध्यावर थांबवला, ही हकीकत आपल्याला आरशासारखी आहे. तेथील ज्युलियस न्येरेरे हे शेक्सपिअरची नाटके स्वाहिलीत आणणारे राष्ट्राध्यक्ष. 1967 च्या आरुशा घोषणेनंतर प्राथमिक शिक्षण सर्वत्र स्वाहिलीतून झाले. माध्यमिक शाळेत मात्र इंग्रजी राहिली. 1982 साली मक्वेटा आयोगाने तेथेही स्वाहिली आणण्याची शिफारस केली, सरकारने ती गुंडाळली. 2015 च्या धोरणाने सर्व पातळ्यांवर स्वाहिलीला मुभा दिली, तरी माध्यमिक वर्गातला व्यवहार इंग्रजीच राहिला. सात वर्षे एका भाषेत विचार करून आठव्या वर्षी दुसरीत परीक्षा देणाऱ्या मुलाला पाठांतराखेरीज कोणता मार्ग उरतो?

आपण त्याच मुलाला ‘सेमी-इंग्रजी’ हे नाव दिले आहे. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि इतिहास-भूगोल मराठीतून, या वाटणीत मुलाला न सांगता एक धडा दिला जातो : किमतीचे ज्ञान कोणत्या भाषेत असते ते. मातृभाषेची सक्ती करावी म्हणावे, तर शेजारच्या कर्नाटकाचे 1994 चे तसे हुकूम सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली रद्द ठरवले; माध्यम निवडणे हा पालकाचा अधिकार ठरला. आणि पालक निवड करताना सरकारच्या भाषणांकडे पाहत नाही, वागणुकीकडे पाहतो. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा मराठीतून देता येते, पण आत गेल्यावर पुस्तक इंग्रजी. तालुक्याच्या कोर्टात कैफियत मराठीत चालते, उच्च न्यायालयात तिचे भाषांतर करावे लागते.

म्हणून प्राथमिक शाळा वाचवण्याच्या मोहिमा मला उलट्या टोकाकडून सुरू झालेल्या वाटतात. 2021 साली तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची परवानगी दिली, हे पाऊल छोटे असले तरी योग्य टोकाकडून टाकलेले आहे. त्याच्यामागे ग्रंथ, अध्यापक आणि नोकरीची हमी उभी करणे हे राज्याचे व विद्यापीठांचे काम आहे. शिरोळच्या मतदाराने निवडणुकीत दारी येणाऱ्या उमेदवाराला इतके तरी विचारावे, की मराठी शाळेतून निघालेल्या मुलाच्या हाती वैद्यक आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी दोन्ही भाषांतले पुस्तक कोणत्या साली पडेल. आणि साल लेखी मागावे.