आंतरराष्ट्रीय प्राथमिक शाळा : पाटीपलीकडे काय पाहावे?

मूल तीन वर्षांचे होण्याआधीच शहरी घरांत त्याच्या शाळेची चर्चा सुरू होते. राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई या परिचित पर्यायांत गेल्या दोन-अडीच दशकांत 'इंटरनॅशनल' शाळांची भर पडली आहे. निरनिराळ्या देशांच्या आणि भाषांच्या मुलांमध्ये आपले मूल वाढावे, ही पालकांची अपेक्षा रास्तच आहे. मात्र शाळेच्या पाटीवरील हा एक शब्द अभ्यासक्रमाची हमी देत नाही आणि बहुसांस्कृतिक वातावरणाची तर नाहीच. हे नाव लावणाऱ्या अनेक शाळांत सीबीएसई किंवा राज्य मंडळाचाच अभ्यासक्रम शिकवला जातो. त्यात गैर काही नाही. पण आपण कशासाठी पैसे मोजत आहोत, हे पालकांना ठाऊक असायला हवे.

संकल्पनेचे मूळ

राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय शाळा स्थापन झाली. देशोदेशीची मुले एका वर्गात बसणे, ही तेथील गरज होती. त्याच शहरात १९६८ मध्ये 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' अर्थात आयबी ही संस्था उभी राहिली. तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठीचा तिचा प्राथमिक कार्यक्रम, पीवायपी, १९९७ मध्ये सुरू झाला. त्यात विषयांच्या चौकटीऐवजी सहा व्यापक सूत्रांभोवती अध्यापनाची गुंफण असते आणि अखेरच्या वर्षी मुले स्वतः शोध घेऊन प्रदर्शन मांडतात. केंब्रिज प्राथमिक अभ्यासक्रमात इंग्रजी, गणित, विज्ञान हे विषय अधिक ठळकपणे वेगळे राहतात.

शाळा आयबीची 'अधिकृत' आहे की अजून 'उमेदवार' आहे, हा पहिला प्रश्न विचारावा. उमेदवार शाळेला मान्यता मिळेलच, असे नसते. अधिकृत शाळांची यादी आयबीच्या संकेतस्थळावर पाहता येते. परदेशी अभ्यासक्रम असला तरी राज्य शासनाची मान्यता आणि यूडायस क्रमांक आहे का, याचीही खातरजमा करावी. शाळा बदलण्याची वेळ आली की हीच कागदपत्रे कामी येतात.

विविधता कोणाची?

महाराष्ट्रातील बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळांत विद्यार्थी प्रामुख्याने भारतीयच असतात. म्हणून माहितीपत्रकातील देशांच्या संख्येपेक्षा, पाल्य ज्या वर्गात बसणार आहे त्या वर्गात कोण आहे, हे विचारणे अधिक उपयुक्त. मराठी, गुजराती, तमिळ, बंगाली बोलणारी मुले एकत्र असणे हीदेखील बहुसांस्कृतिकताच होय. उलट, दहा देशांची पण एकाच आर्थिक स्तरातील मुले हे जगाचे अपुरे चित्र आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार अल्पसंख्याक नसलेल्या विनाअनुदानित शाळांत प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. त्या भरल्या जातात का आणि ती मुले इतरांबरोबर एकाच वर्गात शिकतात का, यावरून शाळेची वृत्ती कळते.

वर्षातून एकदा झेंडे लावणे, वेशभूषा आणि खाद्यपदार्थांचा मेळा भरवणे सोपे असते. डब्यातील थालीपिठाला कोणी नाक मुरडले, कोणाच्या उच्चारांवर हसले किंवा रंगावरून चिडवले, तर शिक्षिका काय करतात, हे विचारावे. शक्य असल्यास चालू वर्गात काही वेळ बसण्याची परवानगी मागावी.

भाषा : खरी कसोटी

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दैनंदिन बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतील फरक मांडला. नव्या भाषेत मैदानावर बोलणे मूल साधारण दोन वर्षांत शिकते. पण त्या भाषेत वाचणे, तर्क करणे आणि लिहिणे समवयस्कांच्या बरोबरीने जमायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. मूल फडाफडा इंग्रजी बोलते म्हणून ते धडाही तितकाच समजून घेते, असे मानणे चुकीचे ठरते.

शाळा इंग्रजी आहे म्हणून घरातही मोडक्या इंग्रजीचा आग्रह धरला, तर मुलाचा भाषेचा पायाच कच्चा राहतो. पहिल्या भाषेत पक्क्या झालेल्या संकल्पना दुसऱ्या भाषेत नेता येतात. कशातच पक्क्या नसतील तर नेणार काय? शिवाय आजीने सांगितलेली गोष्ट नातवाला कळेनाशी झाली, तर त्या घराचे नुकसान कोणत्याही प्रगतिपुस्तकात दिसत नाही.

आयबी शाळांना लिखित भाषाधोरण ठेवावे लागते. ते मागून वाचावे. पीवायपीमध्ये वयाच्या सातव्या वर्षापासून तरी दुसरी भाषा शिकण्याची संधी अपेक्षित आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी अनिवार्य करण्यात आली. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. मराठीच्या तासिका आठवड्याला किती, शिक्षक प्रशिक्षित आहेत का, ग्रंथालयात मराठी पुस्तके आहेत का आणि मधल्या सुटीत मराठी बोलणाऱ्या मुलाला टोकले जाते का? स्थानिक भाषेला मागच्या बाकावर बसवणारी शाळा जगातील इतर भाषांचा आदर कशी शिकवणार?

शुल्क आणि पुढची वाट

पहिलीचे शुल्क ४ लाख रुपये धरले आणि दरवर्षी सरासरी १० टक्के वाढ मानली, तर पाचवीअखेर एकूण खर्च २४ लाखांच्या वर जातो. बस, भोजन, सहली, उपकरणे वेगळी. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडावा लागतो. परदेशी मंडळाच्या शाळाही त्यातून सुटत नाहीत. ही समिती कागदावर आहे की कार्यरत, हे आधीच्या पालकांकडून जाणून घ्यावे. शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी देणगी घेणे आणि मुलाची वा पालकांची चाळणी परीक्षा घेणे यांना मनाई केली आहे, हेही लक्षात ठेवावे.

पाचवीनंतर त्याच शाळेत पुढचे वर्ग आहेत का, हा प्रश्न प्रवेशापूर्वीच विचारायचा असतो. पीवायपीमध्ये आयबीची बाह्य परीक्षा नसते. तेथून राज्य मंडळात किंवा सीबीएसईत जाणाऱ्या मुलाला लेखी परीक्षा, हस्ताक्षर आणि देवनागरी लेखन यांची तयारी करावी लागते. परदेशातून परतलेल्या कुटुंबांपुढे वेगळी अडचण असते. १९५० च्या दशकात भारतातील अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना रूथ हिल युसीम यांना अशी मुले आढळली, जी ना पूर्णपणे पालकांच्या संस्कृतीत रुळली होती, ना यजमान देशाच्या. 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' हा शब्दप्रयोग त्यातून रूढ झाला. मित्र अचानक दुसऱ्या देशी जाणे हा अशा वर्गातील नेहमीचा अनुभव असतो. नव्याने येणाऱ्या आणि निघून जाणाऱ्या मुलांसाठी शाळेची काय व्यवस्था आहे, तेही पाहावे.

वातानुकूलित वर्ग आणि पोहण्याचा तलाव पहिल्याच भेटीत दिसतात. आपले नाव अचूक उच्चारले जाते, आपल्या घराची भाषा कमी लेखली जात नाही, ही जाणीव मुलाला रोज मिळते की नाही, हे मात्र शोधावे लागते. तो शोध प्रवेशअर्जावर सही करण्यापूर्वी पूर्ण झालेला बरा.