त्या तारखेला नियम काय होता?

१९७४ साली मंजूर झालेल्या फेरफाराला आज कोणी अपिलात आव्हान दिले, की आजचा नियम तोंडपाठ असलेल्या वकिलाचीही पंचाईत होते. फेरफार प्रमाणित झाला त्या दिवशी कोणता नियम लागू होता, तोवर त्यात कोणत्या दुरुस्त्या झाल्या होत्या आणि मुळात तो त्या जिल्ह्याला लागू होता का, हे आधी शोधावे लागते. निवृत्तिवेतनाच्या प्रकरणातही तेच. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम अमलात आले १५ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधीच्या प्रश्नाचे उत्तर १९५९ च्या मुंबई नागरी सेवा नियमांत मिळते. असा शोध घेणाऱ्याची वाट गेल्या साठ वर्षांत बरीच बदलली, काही ठिकाणी सोपी झाली आणि काही ठिकाणी होती तशीच अडली.

सुरुवातच गुंतागुंतीची होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबादेतून आणि विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. राज्य एक झाले, कायदे लगेच एक झाले नाहीत. जमीन महसुलापुरते पाहिले तर पश्चिम महाराष्ट्रात १८७९ चा मुंबईचा कायदा, मराठवाड्यात १३१७ फसलीचा हैदराबादचा आणि विदर्भात मध्य प्रदेशची १९५४ ची संहिता. ही तिन्ही प्रकरणे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने मिटवली. संहिता १९६६ ची, अंमल १५ ऑगस्ट १९६७ पासून. कूळ कायद्याच्या बाबतीत मात्र ते आजतागायत झालेले नाही. मुंबईचा १९४८ चा, हैदराबादचा १९५० चा आणि विदर्भाचा १९५८ चा, असे तीन कायदे शेजारी शेजारी नांदतात. साताऱ्याचे कूळ ‘३२-म’चे प्रमाणपत्र दाखवते, मराठवाड्यातले ‘३८-ई’चे. पश्चिम महाराष्ट्राचा कृषक दिन १ एप्रिल १९५७, विदर्भात मात्र १ एप्रिल १९६१ ही तारीख महत्त्वाची. जिल्हा विचारल्याशिवाय जुना महसूल कारकून तोंड उघडत नसे, तो त्याचा आढ्यपणा नव्हता.

खरी मेख असते कायद्याच्या शेवटच्या कलमात, जिथपर्यंत वाचत जाण्याचा सहसा कोणाला धीर नसतो. त्या कलमाचा मथळा ‘निरसन व व्यावृत्ती’. जुना कायदा गेला, पण त्याखालचे नियम, नेमणुका, अधिसूचना नव्या कायद्याशी विसंगत नसतील तेवढ्यापुरत्या चालू राहतील, असे ते सांगते. संहिता १९६७ ला लागू झाली खरी, पण जमीन वापरातील बदल व अकृषिक आकारणीचे नियम १९६९ चे आहेत आणि सरकारी जमिनीच्या विल्हेवाटीचे १९७१ चे. मग १९६८ साली एखाद्या संस्थेला पश्चिम महाराष्ट्रात सरकारी जमीन दिली गेली असेल, तर शर्ती तपासायला काय उघडायचे? १९२१ चे मुंबई जमीन महसूल नियम. निरसित कायद्याखालचे नियम, पण त्या दिवशी जिवंत. संहिता अमलात आली म्हणून १९७१ चे नियम मागे नेऊन लावणारे अहवाल मी पाहिले आहेत. ते वाचायला नेटके असतात, इतकेच. आणि जुने म्हणजे मेलेले असे समजणाऱ्यांनी दिवाणी न्यायालयात वारस दाखल्याचा अर्ज पाहावा: तो आजही मुंबईच्या १८२७ च्या आठव्या विनियमाखाली होतो.

२०१२ मध्ये आणखी एक गंमत झाली. अनेक कायद्यांच्या नावातला ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आला, तोही १ मे १९६० पासून आला असे मानून. म्हणजे १९८५ च्या निकालात ‘मुंबई पोलीस अधिनियम’ असे छापलेले असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्याचे नाव तेव्हाही ‘महाराष्ट्र पोलीस अधिनियम’च होते. अस्मितेला ते भावले असेल. संगणकावर नव्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती मात्र पन्नास वर्षांतले निकाल लागत नाहीत. दोन्ही नावे टाकायची, ही सवय तेव्हापासून लागली.

संगणकाआधीचा शोध म्हणजे राजपत्र. महाराष्ट्र अधिनियमांखालचे नियम बहुधा ‘भाग चार-ब’ मध्ये, केंद्रीय अधिनियमांखाली राज्याने केलेले ‘भाग चार-अ’ मध्ये, एवढे ठाऊक असले की निम्मे काम झाले. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाच्या पुस्तक विक्री केंद्रावर ‘अमुक तारखेपर्यंत सुधारित’ असे छापलेली आवृत्ती मिळे. तिच्या तळटिपा ही सगळ्यांत प्रामाणिक वस्तू: हा मजकूर कोणत्या सालच्या कोणत्या क्रमांकाच्या अधिनियमाने मूळ मजकुराऐवजी घातला, ते बारीक टाइपात दिलेले. आवृत्ती जुनी झाली की कार्यालयातला कारकून दुरुस्तीच्या चिठ्ठ्या खळीने त्या त्या पानावर डकवत असे. चिठ्ठी हलकेच उचलली की खाली आधीचा नियम वाचता येई. पुस्तक फुगे, वाळवीलाही आवडे. पण एकाच पानावर दोन काळ सापडत.

१ मे १९६६ पासून राज्याचा कारभार मराठीतून सुरू झाला. त्याआधीची निर्णयपत्रे बहुतांशी इंग्रजी, नंतरची मराठी, त्यामुळे एकाच विषयाचा माग दोन भाषांत काढावा लागतो. नियमांच्या बाबतीत राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे राज्यपालांच्या प्राधिकाराने इंग्रजी अनुवादही राजपत्रात येतो. तो न पाहता केवळ मराठी मजकुरावर युक्तिवाद बेतणे धोक्याचे.

शासन निर्णयाचा ढाचा मात्र फार कमी बदलला. वर विषय, मग ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांची क्रमवार यादी, प्रस्तावना, निर्णय आणि शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. लोक निर्णयाचा परिच्छेद वाचतात. मी आधी ‘वाचा’ वाचतो. त्यातला पहिला निर्णय काढायचा, त्याच्या ‘वाचा’तला त्याआधीचा काढायचा, असे करत पाच-सहा पायऱ्या खाली गेले की विषयाचे मूळ सापडते. क्रमांकातली कार्यासनाची अक्षरे सांगतात की कागद कोणत्या टेबलावरून निघाला. हे सगळे फसते ते एका वाक्याने: ‘या विषयावरील यापूर्वीचे सर्व आदेश अधिक्रमित करण्यात येत आहेत.’ सर्व म्हणजे कोणते? लिहिणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते ठाऊक नसावे, असा माझा पक्का संशय आहे.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या नस्त्या जळाल्या. निर्णयाची प्रत जिल्ह्यात मिळू शकते. तो का घेतला हे सांगणारी टिपणी नस्तीतच असते, तिची दुसरी प्रत नसते. त्या आगीनंतर कागद संगणकावर नेण्याला जोर आला, हे खरे.

आज शासन निर्णय संकेतस्थळावर येतो, खाली अठरा आकडी संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे साल, महिना, दिवस सांगतात. घरबसल्या मिळतो, ही छोटी गोष्ट नाही. पण जुन्या निर्णयाच्या पीडीएफवर तो पुढे रद्द झाल्याची खूण नसते. दोन्ही निर्णय सारख्याच तोऱ्यात पडद्यावर उमटतात आणि अर्जदार आपल्या सोयीचा छापून आणतो. शिवाय शासन निर्णय म्हणजे कार्यकारी आदेश, वैधानिक नियमाच्या विरुद्ध तो टिकत नाही, हा भेदही त्या पडद्यावर पुसला जातो. जुन्या कागदांच्या नुसत्या प्रतिमा चढवलेल्या असतील, तर शब्द टाकून काहीच हाती लागत नाही.

अधिनियमांची स्थिती त्या मानाने बरी आहे. इंडिया कोडवर राज्याचे कायदे पाहता येतात. नियमांचे तसे नाही. १९६९ चे अकृषिक आकारणीचे नियम १९९० च्या १ जानेवारीला नेमके कसे होते, हे दाखवणारी सरकारी प्रत मागून पाहा. मूळ राजपत्र मिळेल, सुटी सुधारणापत्रे मिळतील, जुळवणी आपली आपण करायची. म्हणून तहसीलदारांच्या टेबलावर आजही खासगी प्रकाशकाचे जाडजूड पुस्तक असते आणि जाणते लोक त्याची नवी आवृत्ती घेतात तेव्हा जुनी रद्दीत देत नाहीत.