काम ठेक्याने, जबाबदारी कुणाची?

प्रवेश अर्ज, गुणपत्रिका, निकाल अशी शाळा-विद्यापीठांतील संगणकाची कामे आज बाहेरच्या कंपन्यांना ठेक्याने दिली जातात. यालाच ‘आउटसोर्सिंग’ म्हणतात. संस्थेजवळ तज्ज्ञ माणसे व यंत्रे नसतात, म्हणून हा मार्ग सोयीचा ठरतो. तो मुळात वाईट नाही. परंतु काम दिले म्हणजे जबाबदारीही दिली, असे होत नाही.

मुंबई विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. 2017 च्या उन्हाळी परीक्षेच्या 17 लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरले. ठेका मात्र परीक्षा सुरू असताना दिला गेला. तयारी अपुरी पडली. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत टळली आणि शेवटचे निकाल सप्टेंबरात लागले. तोवर अनेकांचे पुढील प्रवेश हुकले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

आम्ही बँकेत काम करतो. नवी प्रणाली आली तेव्हा काही दिवस जुन्या नोंदीही चालू ठेवून आम्ही रोज संध्याकाळी दोन्ही बेरजा जुळवीत होतो. विद्यापीठातही आधी एखाद्या विषयापुरता प्रयोग करता आला असता.

विद्यार्थी मित्रांनो, महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे निकाल 30, उशिरात उशिरा 45 दिवसांत लागावयास हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निर्णयानुसार आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते. म्हणून “कंपनीला विचारा” हे उत्तर स्वीकारू नका. विद्यापीठाकडेच लेखी अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा. गरिबाच्या घरी वाया गेलेले एक वर्ष फार महाग पडते.