भाराखालची जबानी
(लेखांक अकरावा)

चार्ज कंट्रोलरच्या अंतरंगात शिरण्याचे जे अभिवचन गेल्या खेपेस दिले होते ते या आठवड्यापुरते तहकूब ठेवतो. कारण घोडेगावकडील एका वाचकांचे पत्र आले असून त्यातील तक्रार आंबेगाव-जुन्नरच्या अनेक घरांतून माझ्या कानी येत असते. बॅटरी ‘फुल’ दाखवते, दिवे-पंखे रात्रभर चालतात, पण मिक्सर लावला की इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडतो. वायरमनने ‘बॅटरी बसली’ असा फैसला देऊनही टाकला होता.

हा फैसला पुराव्यावाचून होता. विश्रांतीत असलेल्या बॅटरीवर मीटर धरून 12.7 व्होल्ट वाचले म्हणजे ती निर्दोष ठरत नाही, आणि मिक्सरला बंद पडली म्हणून दोषीही ठरत नाही. तिची जबानी घ्यायची ती भार चालू असतानाच. साडेसातशे वॅटचा मिक्सर भिंतीतल्या 230 व्होल्टांवर जेमतेम सव्वातीन अँपिअर घेतो, परंतु तोच 12 व्होल्टांच्या बॅटरीकडून, इन्व्हर्टरची स्वतःची घट धरून, 85 अँपिअरच्या घरात मागणी करतो. एका पंख्याच्या सातआठ अँपिअरांना जो सांधा 0.05 व्होल्ट खातो, तोच आता अर्ध्या व्होल्टहून अधिक गिळंकृत करतो, आणि दिवे-पंख्यांवरून त्याचा संशयही येत नाही.

घोडेगावला वहिनींना खोबरे वाटायला सांगितले आणि मीटर लावला. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर 11.4, इन्व्हर्टरच्या टोकांशी 10.4, आणि 10.5 च्या खाली इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. मधला एक व्होल्ट गेला कोठे? मीटरची एक कांडी ऋण खुंटीच्या शिशावर व दुसरी तिच्यावरील लगवर टेकवताच 0.6 व्होल्ट मिळाले. बाकीचे लांबलचक केबलने घेतले होते. ग्रीसच्या थराखाली पांढरी-हिरवी बुरशी साचली होती, आणि कोणीतरी लग तिच्यावरच घट्ट आवळला होता. प्रथम पॅनेलचा एमसीबी पाडून, इन्व्हर्टर बंद करून, मगच बॅटरी सोडवली. सोड्याच्या पाण्याने खुंटी धुतली (झाकणे घट्ट लावून, पाणी आत जाता कामा नये), शिसे चकचकीत होईतो खरवडले, लग आवळला आणि व्हॅसलीन त्यानंतर वरून लावले. आधी लावण्याची आपल्याकडची रीत मला मुळीच मान्य नाही. इन्व्हर्टरशी 11 व्होल्ट मिळू लागले आणि खोबरे वाटून झाले.

खुंट्यांवरच व्होल्टेज कोसळले असते, तर मात्र बॅटरीचा गुन्हा शाबीत झाला असता. भीमाशंकर-आहुप्याच्या पट्ट्यात पावसाळाभर ऊन तुटपुंजे असल्याने शिसे-आम्लाची बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहते आणि पट्ट्यांवर गंधकाचा क्षार घट्ट बसतो. तेथे हायड्रोमीटरने सहाही घरांची ग्रॅव्हिटी पाहावी. पाच घरे 1.250 आणि एक 1.180 असेल, तर भार न उचलणारे घर तेच.

अर्ध्या अश्वशक्तीच्या पाण्याच्या मोटरीचा मामला निराळा आहे. ती सुटताना नेहमीच्या पाचसहापट प्रवाह ओढते आणि त्यापुढे लहान इन्व्हर्टरचे सांधे कितीही घासले तरी व्यर्थ. ओतूरहून कडबाकुट्टीविषयी आलेले पत्र याच जातीचे आहे, तेव्हा चार्ज कंट्रोलरची पाळी पुढच्या आठवड्यातही येईल असे छातीठोकपणे सांगवत नाही.