कोळसा विष धरतो, जंतू मारत नाही

दोन वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतील विहारात मी पाण्यावर बोललो. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारात तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई व कमरपट्टा यांच्या जोडीला पाणी गाळण्याचे 'परिस्सावन'ही असते, हे मी सांगितले. मग एकावर एक माठ रचून कोळसा व वाळूची गाळणी कशी करायची, ते करून दाखविले. टाळ्या पडल्या. आठ-दहा घरांत माठ रचले गेले.

पावसाळा लागला आणि त्यातल्या दोन घरांतील लेकरे हगवणीने आजारी पडली. एका मावशीने मला रस्त्यातच अडविले. "भाऊ, पाणी त काचावानी दिसत होतं. मंग लेकरू कायले बिमार पडलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. चूक माझी होती. पाणी गाळा हे सांगितले, उकळा हे सांगायचे राहिले. लेकरे सुदैवाने बरी झाली. त्यानंतर मी या विषयाचा नीट अभ्यास केला. तो आपल्या माताभगिनींपुढे व शेतमजूर बांधवांपुढे ठेवणे माझे कर्तव्य समजतो.

बायोचार म्हणजे काय?

पऱ्हाट्या, तुराट्या, भाताचे तूस उघड्यावर जाळले की हाती राख येते. तेच कमी हवेत तापविले तर कोळसा उरतो. आपला लोणारी कोळसा याच जातीचा. मातीत किंवा पाण्यात वापरण्यासाठी असा कोळसा केला की त्याला बायोचार म्हणतात. दगडी कोळसा वेगळा, तो इथे चालत नाही. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील मूळ रहिवाशांच्या जुन्या वस्त्यांभोवती कोळसा मिसळलेली काळी, सुपीक माती आजही सापडते. ती शेकडो, काही ठिकाणी हजारो वर्षांची आहे.

कोळशाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममधील छिद्रांच्या भिंती उलगडल्या तर दोन-अडीचशे चौरस मीटर जागा भरते. म्हणजे आपल्या दहा बाय बाराच्या वीसेक खोल्या! या भिंतींना कीटकनाशके, रंग व वास आणणारी द्रव्ये चिकटून बसतात. शिसे, कॅडमियमसारखे जड धातूही काही प्रमाणात धरले जातात. याला अधिशोषण म्हणतात.

शेतातील हिशेब

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यात पाठीवर पंप घेऊन रोजंदारीवर जाणारे आपलेच कष्टकरी भाऊ होते. फवारलेल्या औषधाचा काही भाग मातीत उतरतो. तिथे बायोचार असेल तर तो त्यातले बरेचसे धरून ठेवतो, म्हणून ते पिकात आणि विहिरीत कमी जाते.

मी वाणिज्य शाखेचा, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. कोळसा धरतो तेव्हा विष वहीतून खोडले जात नाही, ते फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. कीटकनाशके पुढे हळूहळू कुजतात, पण शिसे-कॅडमियम मातीतच राहते. शिवाय प्रत्येक विषाला हे औषध लागू नाही. जमिनीत आर्सेनिक असेल तर काही वेळा बायोचारने ते अधिक सुटे होते. म्हणून आधी परीक्षण, मग उपाय.

करायचा झाल्यास मोकळ्या जागेत, तळाशी निमुळता होत जाणारा खड्डा खणावा. वाळलेल्या काड्या वरून पेटवाव्यात. निखाऱ्यावर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर टाकावा आणि शेवटी भरपूर पाण्याने विझवावे. नुसता कोळसा शेतात टाकू नये, तो पिकाचे अन्नच ओढून घेतो. काही आठवडे शेणखतात मुरवून मग द्यावा. घरात किंवा बंद जागेत कोळसा करू नये, त्याच्या वायूने जीव जातो. रंग दिलेले लाकूड, प्लॅस्टिक, टायर यांचा कोळसा तर मुळीच नको.

घरातील पाणी

मावशीच्या प्रश्नाचे उत्तर असे : कोळसा पाण्याचा वास, रंग आणि काही औषधे धरतो, पण रोगजंतू मारत नाही. उलट जुन्या, ओल्या कोळशावर जंतूंची वस्ती होते. फ्लोराईड, नायट्रेट आणि खारेपणाही साध्या कोळशाने जात नाही. बोअरचे पाणी पिऊन लेकरांचे दात पिवळे-तपकिरी पडत असतील तर माठाच्या भरवशावर राहू नका. उकळल्यानेही फ्लोराईड जात नाही.

म्हणून एवढे पाळा. गाळल्यावर पाणी खळखळ उकळा, किंवा आरोग्यसेविकेने सांगितलेल्या प्रमाणात क्लोरीनचे औषध टाका. कोळसा वरचेवर बदला, कारण छिद्रे भरली की त्याचे काम संपते. वापरलेला कोळसा चुलीत किंवा भाजीच्या वाफ्यात टाकू नका.

माठ आणि हक्क

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो लढा माणुसकीच्या हक्काचा होता. १९९१ साली सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा कारखान्याचे सांडपाणी वस्तीच्या विहिरीत उतरत असेल, तर आपण माठ रचून गप्प बसायचे काय? माठ ही आजची सोय झाली. विहीर स्वच्छ करून मागणे हे आपले काम आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी होते. वस्तीच्या महिला मंडळाने ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी, अहवाल विहाराच्या फळ्यावर लावावा. ऐकले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही तर तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण. माझ्या भाषणालाही तीच कसोटी लावायला हवी होती.

त्या मावशीच्या घरी माठ अजून आहे. शेजारी चुलीवर पातेले असते. परवा गेलो तर पेला पुढे करीत म्हणाली, "घे भाऊ, उकयलेलं हाय." तो पेला मी मुकाट्याने घेतला.

जयभीम!